जरा दम धरा!

मराठी माणूस दिवसातून किती वेळा श्वासाबद्दल बोलतो, हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. मूल हट्टाला पेटले की आई म्हणते, ‘अरे, जरा दम धर!’ जिना चढून आलेल्या पाहुण्याला यजमान सांगतो, ‘बसा, आधी दम खा.’ परीक्षेचा निकाल लागेपर्यंत सारे घर श्वास रोखून बसते आणि निकाल चांगला लागला की सुटकेचा निःश्वास टाकते. कामाने बेजार झालेली गृहिणी ‘श्वास घ्यायलाही फुरसत नाही’ म्हणते. कुणी धमकावले तर ‘त्याने मला दम दिला’ असे आपण सांगतो. धीर, विश्रांती, काळजी, आनंद, भीती या सगळ्यांचा हिशेब भाषेने श्वासाच्या खात्यावर मांडून ठेवला आहे.

भाषा असे उगीच करत नाही. राग आला की श्वास जलद आणि उथळ होतो, गाढ झोपेत तो संथ होतो, वाईट बातमी कळली की तो अडकतो, हे पिढ्यान्‌पिढ्या माणसे पाहत आली आहेत. मन बदलले की श्वास बदलतो, याबद्दल वाद नाही. खरा प्रश्न त्याच्या उलट आहे. श्वास बदलला तर मन बदलेल का? आणि मन खरोखरच शांत झाले, तर त्या शांततेचे पुढे करायचे काय?

या प्रश्नांच्या उत्तरांसाठी हिमालयातल्या गुहेत जाण्याची गरज नाही. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे भर वस्तीत एक जुना तलाव आहे. लोक त्याला बूढा तालाब म्हणतात, नव्या पाटीवर त्याचे नाव विवेकानंद सरोवर असे आहे. या तलावाच्या आसपास दोन माणसांच्या आठवणी जपलेल्या आहेत. एक बंगाली, दुसरा मराठी. या दोघांच्या आयुष्यांत वरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात.

बैलगाडीतला मुलगा

१८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला राहत होते. त्यांनी आपल्या कुटुंबाला तेथे बोलावून घेतले. रायपूरपर्यंत तेव्हा रेल्वे पोचलेली नव्हती. नागपूरपर्यंत आगगाडीने यायचे आणि पुढे जंगलातून बैलगाडीने मजल-दरमजल करायची, असा तो प्रवास होता. बैलगाडीच्या टप्प्यालाच पंधरवडा लागे. गाडीत चौदा वर्षांचा थोरला मुलगा नरेंद्र होता. हाच पुढे स्वामी विवेकानंद या नावाने जगाला माहीत झाला.

या प्रवासातला एक अनुभव त्यांनी पुढे सांगितला आणि तो त्यांच्या चरित्रांत नोंदला गेला. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आले होते. झाडे फुलांनी लगडलेली होती. तेवढ्यात एका कड्याच्या चिरेत मधमाश्यांचे प्रचंड मोहोळ त्यांना दिसले. माश्यांनी ते किती वर्षांत उभारले असेल, याचा विचार करता करता मुलाचे भान हरपले. तो गाडीत पडून राहिला. भानावर आला तेव्हा गाडी कितीतरी पुढे निघून आली होती.

असे भान हरपण्याचा अनुभव थोड्याफार प्रमाणात सगळ्यांनाच येतो. सुईत दोरा ओवताना श्वास आपोआप थांबतो. दारापुढे रांगोळीची लांब रेघ ओढताना हात आणि श्वास एका लयीत चालतात. पाक दोनतारी झाला की नाही हे पाहताना बाहेरचा गलका ऐकू येत नाही. मन एका ठिकाणी गोळा झाले की श्वास निवतो. मात्र हे आपसूक घडते, आपण बोलावले म्हणून घडत नाही. नरेंद्रालाही ते मोहोळ पुन्हा भेटणार नव्हते.

रायपूरला त्याला साजेशी शाळा नव्हती. दोन वर्षे वडिलांनीच त्याला घरी शिकवले, वडीलधाऱ्यांच्या चर्चेत बरोबरीने बसू दिले. १८७९ मध्ये कुटुंब कलकत्त्याला परतले आणि बुडालेला अभ्यास भरून काढून नरेंद्र प्रवेश परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. पुढे १८९५-९६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क येथे त्यांनी योगावर व्याख्याने दिली. त्यांतून १८९६ साली ‘राजयोग’ हे पुस्तक निघाले. जे आपसूक घडते ते स्वतःच्या प्रयत्नाने कसे घडवायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

श्वासाचे महत्त्व पटवताना त्यांनी तेथे एक गोष्ट सांगितली आहे. एका राजाची आपल्या प्रधानावर इतराजी झाली आणि त्याने प्रधानाला उंच मनोऱ्याच्या माथ्यावर कोंडून टाकले. प्रधानाची बायको मोठी धीराची होती. रात्री ती मनोऱ्याखाली आली आणि काय करू म्हणून तिने विचारले. प्रधानाने तिला जाड दोर, सुतळी, दोरा, रेशमाचा तलम धागा, एक भुंगा आणि थोडा मध आणायला सांगितले. तिने धागा भुंग्याला बांधला, त्याच्या शिंगांना मध लावला आणि वर तोंड करून त्याला भिंतीवर सोडले. मधाच्या वासाने भुंगा वर चढत राहिला. धागा प्रधानाच्या हाती आला. धाग्याला दोरा बांधला होता, दोऱ्याला सुतळी, सुतळीला दोर. शेवटी दोर हाती आला आणि प्रधान सुटला.

विवेकानंद म्हणतात की आपल्या शरीरात श्वास हा तो रेशमाचा धागा आहे. मनाला थेट हात घालता येत नाही. ‘शांत हो’ असे मनाला सांगून ते शांत झाल्याचे कुणी पाहिलेले नाही, उलट ते आणखी बिथरते. पण श्वास हाती धरता येतो. त्याच्या पाठोपाठ शरीराचा ताण हाती येतो, मग मनाची धावपळ हाती येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

माफीनंतरची वर्षे

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मराठी घरात आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे रुजली. त्यांतलेच एक नाव माधवराव सप्रे. बूढ्या तलावाच्या परिसरातली एक जुनी शाळा आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी त्यांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण बिलासपूर-रायपूरकडे सुरू झाले. मातृभाषा मराठी, पण लेखणी चालवली हिंदीसाठी. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. त्यात त्यांच्या जोडीला वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर हे आणखी दोन मराठी होते. मासिक तीन वर्षांत पैशाअभावी बंद पडले. पुढे लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’चे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्यासाठी १९०७ मध्ये सप्र्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला.

सरकारने ते फार काळ चालू दिले नाही. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली सप्र्यांना अटक झाली. टिळक मंडालेच्या वाटेवर होते. इकडे घरच्यांचा धीर खचला. थोरल्या भावाच्या आणि आप्तांच्या दडपणाखाली सप्र्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले.

तुरुंगातून सुटलेला हा माणूस खऱ्या अर्थाने सुटला नाही. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्याच नजरेला नजर देणे अवघड झाले. अशा वेळी माणसे दोनपैकी एक वाट धरतात. एक तर स्वतःचे समर्थन करत राहतात, किंवा कुढत बसतात. सप्रे सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले आणि वर्ध्याच्या हनुमानगडावर रामदासी संप्रदायाच्या आश्रयाला गेले. रामदासी साधकाचे साधे जीवन त्यांनी पत्करले आणि ‘दासबोध’ पुन्हा पुन्हा वाचला.

‘दासबोधा’च्या सतराव्या दशकातला पाचवा समास केवळ श्वासावर आहे. त्याचे नाव अजपा-निरूपण. न जपता चाललेला जप तो अजपा. माणूस दिवसरात्रीत एकवीस हजार सहाशे वेळा श्वास घेतो, त्या प्रत्येक श्वासाबरोबर ‘सोऽहं’ हा ध्वनी आपोआप उमटत असतो, एकांतात मौन धरून लक्ष दिले तर तो ऐकू येतो, असे समर्थ तेथे समजावतात. श्वास ओढा, कोंडा, दाबा असा आग्रह नाही. जे चाललेच आहे त्याकडे सावधपणे पाहा, एवढेच सांगणे आहे. आजकाल ‘माइंडफुलनेस’ या नावाखाली जे शिकवले जाते, त्याच्या फार जवळची ही गोष्ट मराठीत साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहिली गेली.

एकवीस हजार सहाशे हा आकडाही भाविकांनी हवेतून काढलेला नाही. हा आकडा समर्थांच्या आधीपासून आपल्या परंपरेत चालत आला आहे. आपल्या जुन्या ज्योतिषगणितात श्वास हे काळाचे माप होते. सहा प्राण म्हणजे एक पळ, साठ पळांची एक घटका, साठ घटकांचा एक दिवस. सहा गुणिले साठ गुणिले साठ, म्हणजे एकवीस हजार सहाशे. मिनिटांत सांगायचे तर दर मिनिटाला पंधरा श्वास. आजचे वैद्यक सांगते की निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. पंधरा हा आकडा त्यात चपखल बसतो.

सप्र्यांनी ‘दासबोध’ हिंदीत आणला आणि हा समासही त्याबरोबर हिंदी घरांत गेला. पण महत्त्वाचे आहे ते यापुढचे. शांतता मिळाली म्हणून ते गडावर बसून राहिले नाहीत. रायपुरात त्यांनी रामदासी मठ उभा केला, मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी महिला पाठशाळा सुरू केली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, सप्र्यांनी केलेला हिंदी अनुवाद वाचकांच्या हाती आला. एवढ्या जाडजूड आणि कठीण ग्रंथाचा अनुवाद अस्वस्थ, स्वतःवर चिडलेल्या मनाने होत नाही. त्यानंतर चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतावरील ग्रंथाचा अनुवाद झाला. १९२० मध्ये जबलपूरहून माखनलाल चतुर्वेदी यांच्या संपादनाखाली ‘कर्मवीर’ निघाला, त्यामागेही सप्र्यांची प्रेरणा होती. १९२४ मध्ये ते देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९२६ मध्ये रायपुरात त्यांचे निधन झाले.

१९०८ ची माफी त्यांच्या चरित्रातून पुसली गेली नाही, पण ती त्यांचा शेवट ठरली नाही. शांत होणे म्हणजे गप्प बसणे नव्हे, अन्याय गिळणे तर नव्हेच. जे काम आपल्याला करायचे आहे त्यासाठी मन मोकळे करणे, असा तिचा अर्थ होता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच.

शरीरात काय घडते?

श्वास ही शरीरातली एक विलक्षण क्रिया आहे. हृदयाला ‘हळू चाल’ म्हणून सांगता येत नाही, जठराला हुकूम देता येत नाही. ती कामे शरीर आपल्या तंत्राने करते. हाताचे बोट मात्र आपण म्हणू तेव्हा हलते. श्वास या दोन्हींच्या मध्ये आहे. लक्ष दिले नाही तरी तो चालतो आणि मनात आणले तर त्याची गतीही बदलता येते. घराच्या आतल्या खोल्यांत जाण्यासाठी उघडा ठेवलेला हा एकच दरवाजा आहे.

आपल्या मज्जासंस्थेचे दोन हात आहेत. एक धोका दिसताच शरीराला पळायला किंवा लढायला सज्ज करतो. दुसरा धोका टळल्यावर सारे पूर्ववत करतो. या दुसऱ्या हाताची मुख्य वाट म्हणजे मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची लांब नस. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात. नाडीवर बोट ठेवून संथ श्वास घेतला तर पुष्कळांना हा फरक जाणवतो. म्हणून श्वास सोडण्याचा वेळ लांबवला की शरीराला ‘धोका टळला’ असा निरोप जातो.

याची शास्त्रीय तपासणी पहिल्यांदा करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, ही अभिमानाची गोष्ट आहे. जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपत्र सुरू केले. योगक्रियांच्या वेळी शरीराच्या आतला दाब किती बदलतो हे त्यांनी उपकरणे लावून मोजले, क्ष-किरणांचा उपयोग केला. श्रद्धा आहे म्हणून तपासायचे नाही, हे त्यांना मान्य नव्हते.

२००१ मध्ये इटलीतल्या पाव्हिया येथील संशोधक लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेवीस निरोगी माणसांना लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावले. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्ही जपांत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि हृदय व रक्तदाबाच्या लयी एकमेकींशी जुळल्या. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत आरती म्हणताना विठ्ठलाला घातलेली साद दमसास संपेपर्यंत ताणण्याची मुलांची चढाओढ चालते. आरती संपल्यावर जे प्रसन्न वाटते त्यात प्रसादाबरोबर त्या लांब श्वासांचाही वाटा असणार.

२०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांना उंदरांच्या मेंदूत, श्वासाची लय सांभाळणाऱ्या केंद्रातच, सुमारे पावणेदोनशे पेशींचा एक पुंजका सापडला. श्वासाची खबर तो मेंदूच्या जागेपणाच्या केंद्राला देतो. तो निकामी केल्यावर उंदरांचा श्वास चालू राहिला, पण त्यांची नेहमीची हुंगाहुंगी कमी होऊन ते शांत झाले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, तरी श्वास आणि बेचैनी यांच्यात एक प्रत्यक्ष तार जोडलेली आहे, एवढे यातून दिसते.

सुचणे आणि श्वास

शांत मनाला अधिक सुचते का? शास्त्रीय संगीताच्या शिक्षणात या प्रश्नाची वाट पाहिली गेली नाही. पहाटे खर्ज लावून बसायचे, एक ‘सा’ संथपणे धरून ठेवायचा, दमसास वाढवायचा. त्यानंतर राग. बंदिशीत श्वास कोठे घ्यायचा, म्हणजे शब्द तुटणार नाही, हे गुरू आधी शिकवतो. श्वासाची काळजी मिटली की गवयाचे मन नव्या जागा शोधायला मोकळे होते.

मन घाबरलेले असते तेव्हा ते एकाच गोष्टीला चिकटून बसते. साप दिसला तर सापाखेरीज काही न दिसणेच हिताचे असते. पण कार्यालयातली फाइल, घरातला अबोला किंवा मुलाचे गुण हे साप नव्हेत. तेथेही मन सापासारखेच वागले तर दुसरी वाट सुचणार कशी? नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात २०१२ मध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात ध्यानाच्या दोन प्रकारांची तुलना केली गेली. एकात लक्ष एकाच गोष्टीवर खिळवायचे होते, दुसऱ्यात मनात येईल ते न अडवता नुसते पाहायचे होते. एखाद्या साध्या वस्तूचे निरनिराळे उपयोग सुचवा असे सांगितल्यावर दुसऱ्या प्रकारानंतर अधिक कल्पना निघाल्या. प्रयोग लहान आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण त्यातून एक कामाची गोष्ट मिळते. आधी श्वासावर मन बांधायचे आणि मग त्याला सोडायचे. सुचण्याची वेळ ही सोडल्यानंतरची आहे.

करायचे कसे?

यासाठी वेगळी खोली, आसन, उदबत्ती काही लागत नाही. खुर्ची चालते. पाठ सरळ असावी, पण ताठरलेली नको. एक हात पोटावर ठेवावा. तोंड मिटून नाकाने श्वास घ्यावा.

पहिले मिनिट काहीच बदलायचे नाही. श्वास जसा आहे तसा पाहायचा. नाकपुड्यांत आत जाणारी हवा थोडी गार आणि बाहेर येणारी कोमट लागते, तेवढे लक्षात घ्यायचे. मग मनातल्या मनात चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. एक अंक साधारण एका सेकंदाचा. छातीपेक्षा हातखालचे पोट वरखाली झाले पाहिजे. श्वास जोरात ओढायचा नाही आणि रोखायचाही नाही. अशी तीन मिनिटे झाली की शेवटचे एक मिनिट मोजणी सोडून नुसते बसावे. जवळ कागद-पेन्सिल ठेवावी. काही सुचले तर लिहून टाकावे, नाही सुचले तर हरकत नाही.

मन भटकणारच. गॅस बंद केला का, विजेचे बिल भरले का, हे सारे याच वेळी आठवते. आठवू द्यावे. भटकलेल्या वासराला जसे न मारता दावणीला परत आणतात, तसे मन श्वासाकडे परत आणावे. हे परत आणणे म्हणजेच अभ्यास. ते शंभर वेळा करावे लागले तर अभ्यास शंभर वेळा झाला.

अगदीच बेचैनी वाटत असेल तर आणखी एक उपाय आहे. रडून थकलेले मूल हुंदक्यासरशी दोनदा श्वास आत घेते आणि मग लांब सुस्कारा टाकून झोपी जाते. नाकाने श्वास घ्यावा, त्यावरच आणखी थोडा घ्यावा आणि तोंडाने सावकाश सोडून द्यावा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज पाच मिनिटे, महिनाभर असे करणाऱ्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षाही अधिक सुधारलेली आढळली. ज्याला सुस्कारे टाकते म्हणून सासू सुनेला बोल लावत असे, त्याला विज्ञानाने असा मान दिला!

ज्यांना हे शिस्तीने शिकायचे आहे त्यांच्यासाठी विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे असतात. त्यांतले पहिले तीन दिवस केवळ आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचे निरीक्षण, चालते. महाराष्ट्रात इगतपुरीचे धम्मगिरी प्रसिद्ध आहे. रायपूरकरांना दुर्गजवळच्या थनोद येथील धम्मकेतू केंद्र जवळ पडते.

काही पथ्ये

श्वास पाहणे निर्धोक आहे. श्वास कोंडणे किंवा भरभर घेणे तसे नाही. जोरजोराने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. हृदयविकार, रक्तदाब, दमा असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी असे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि जाणकार शिक्षकाशिवाय करू नयेत. काही सोप्या गोष्टी सोडल्या तर हा योग शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासातच शिकावा, अशी सूचना खुद्द विवेकानंदांनी ‘राजयोगा’च्या प्रस्तावनेत दिली आहे.

काहींना श्वासाकडे लक्ष दिले की उलट धास्ती वाटू लागते. त्यांनी हट्ट धरू नये. तळपाय जमिनीला टेकलेत त्याकडे लक्ष द्यावे किंवा संथपणे चालावे. कित्येक आठवडे झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे जावे. श्वास हा औषधाचा सोबती आहे, औषधाची जागा घेणारा नाही.

हवेचाही विचार हवा. उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांतल्या धुराची आणि धुळीची रायपूरकरांना चांगली ओळख आहे. हिवाळ्यात धुरके जमिनीलगत साचलेले असताना उघड्यावर दीर्घश्वसन करण्यात शहाणपण नाही. त्या दिवशी घरात बसावे. आणि शांतपणे बसून झाले की धुराबद्दलचा तक्रार अर्जही लिहावा. सप्र्यांच्या गावात एवढे तरी व्हायलाच हवे.

घरात याचा उपयोग करण्याचे प्रसंग रोज येतात. प्रगतिपुस्तक हाती आल्यावर मुलाला बोलण्यापूर्वी, मोबाइलवर आलेल्या बोचऱ्या निरोपाला उत्तर धाडण्यापूर्वी, साहेबांच्या खोलीचे दार ढकलण्यापूर्वी तीन सावकाश श्वास घ्यावेत. सांगायचे ते सांगायचेच, पण दम खाऊन. पुष्कळदा त्या तीन श्वासांत वाक्य बदलते, कधी ते अधिक सौम्य होते तर कधी अधिक ठाम.

दिवसाचे पाच मिनिटे काढणे कठीण वाटत असेल, तर समर्थांचाच हिशेब करून पाहावा. संथ गतीने पाच मिनिटांत तीस श्वास होतात. एकवीस हजार सहाशेंतले तीस.